द. सा. द. शे. : चार अक्षरे आणि दोन प्रश्न

विद्यार्थी मित्रांनो, लेखाच्या आरंभीच तुम्हांला एक निर्णय घ्यायचा आहे. कागद-पेन्सिल अजून घेऊ नका, मनातच ठरवा.

तुम्हांला एक स्कूटर घ्यायची आहे आणि त्यासाठी ६०,००० रुपये दोन वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ हवे आहेत. स्कूटरच्या दुकानातला माणूस म्हणतो, "आमचा दर १० टक्के. दोन वर्षांचे व्याज १२,००० रुपये. एकूण ७२,००० रुपये, महिन्याला ३,००० रुपयांचा हप्ता. चोवीस हप्ते, की मोकळे!" बँकेतला अधिकारी म्हणतो, "आमचा दर १२ टक्के." तुम्ही कोणाकडे जाल?

"दुकानाकडे," असे तुमच्यापैकी बहुतेकजण म्हणाले असतील. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मीही तेच म्हटले होते. इ. स. २०१९ मध्ये आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेतील परिचर, ज्यांना आम्ही सारे 'मामा' म्हणतो, ते हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले होते. प्रात्यक्षिकाची घाई होती. मी मान वर न करताच म्हटले, "मामा, दहा कमी की बारा? यात विचारायचे काय?" मामांनी दुकानाचे कर्ज घेतले.

हा सल्ला चुकीचा होता. तो का चुकला, हे शोधता शोधता आपण टक्केवारीचे सगळे मर्म शिकून घेऊ.

शेकडा म्हणजे काय?

टक्केवारी तुम्ही पाचवी-सहावीत शिकलात. 'टक्का' म्हणजे शंभरातला एक भाग. ८०० रुपयांचे १५ टक्के काढायचे तर ८०० ला १५ ने गुणा आणि १०० ने भागा. उत्तर १२०. इतके सोपे गणित! पण बाजारात उभे राहून ते तोंडी करता यायला हवे. त्यासाठी दोन-तीन युक्त्या लक्षात ठेवा.

कोणत्याही रकमेचे १० टक्के म्हणजे दशांशचिन्ह एक घर डावीकडे. ८५० चे १० टक्के ८५. त्याचे निम्मे म्हणजे ५ टक्के, ४२.५०. आणि १ टक्का म्हणजे दशांशचिन्ह दोन घरे डावीकडे, ८.५०. हे तीन तुकडे हाताशी असले की बाकीचे टक्के जोडून किंवा वजा करून मिळतात. ८५० चे १८ टक्के हवेत? २० टक्के म्हणजे १७०, त्यातून २ टक्के म्हणजे १७ वजा करा. १५३ रुपये. झाले!

दुसरी युक्ती अदलाबदलीची. २५ चे ३६ टक्के काढायचे आहेत. जरा अवघड वाटते. मग ३६ चे २५ टक्के काढा, म्हणजे ३६ चा पाव हिस्सा : ९. दोन्ही उत्तरे एकच असतात. का, ते सांगायला हवे काय? दोन्हीकडे ३६ गुणिले २५ भागिले १०० हेच तर आहे.

पण मित्रांनो, गुणाकार-भागाकार बरोबर येणे ही टक्केवारीतली सोपी बाजू झाली. मामांना सल्ला देताना माझा गुणाकार मुळीच चुकला नव्हता. मी एक प्रश्न विचारायला विसरलो होतो. किंबहुना दोन प्रश्न विसरलो होतो. ते दोन्ही प्रश्न तुमच्या गणिताच्या पुस्तकात चार अक्षरांत छापलेले असतात : द. सा. द. शे. म्हणजे 'दर साल दर शेकडा'. ही अक्षरे आपण उदाहरण वाचताना घाईने गिळून टाकतो. 'दर शेकडा' विचारते, शेकडा कशाचा? 'दर साल' विचारते, किती काळात?

पहिला प्रश्न : कशाच्या शेकड्याला?

८०० रुपयांच्या क्रिकेटच्या बॅटची किंमत २५ टक्क्यांनी वाढली. नंतर सवलत म्हणून ती २५ टक्क्यांनी कमी केली. आता किंमत किती? पुन्हा ८००? करून पाहा. ८०० चे २५ टक्के २००, म्हणून किंमत झाली १,०००. आता १,००० चे २५ टक्के २५०, म्हणून उरले ७५०. चढताना २५ आणि उतरतानाही २५, तरी आपण निघालो त्या पायरीच्या खाली आलो! कारण चढताना शेकडा ८०० तला होता, उतरताना १,००० मधला.

सणासुदीला दुकानांवर '५० टक्के + २० टक्के सूट' अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. मन चटकन बेरीज करते : ७० टक्के सूट! पण २० टक्के मूळ किमतीचे नाहीत, पहिली सूट वजा जाऊन उरलेल्या किमतीचे आहेत. १,२०० रुपयांच्या कपड्याचे आधी ६०० झाले, मग ६०० चे २० टक्के म्हणजे १२० गेले. द्यायचे ४८० रुपये. एकूण सूट ६० टक्के.

अशा वेळी टक्क्यांची बेरीज करू नये, उरलेल्या भागांचा गुणाकार करावा. ५० टक्के गेले म्हणजे उरले ०.५, २० टक्के गेले म्हणजे उरले ०.८. गुणाकार ०.४, म्हणजे ४० टक्के उरले. प्रयोगशाळेत हेच आम्ही रंगीत काचांच्या बाबतीत पाहतो. एक काच २० टक्के प्रकाश अडवते. अशा पाच काचा एकापुढे एक ठेवल्या तर बेरजेने शंभर टक्के प्रकाश अडायला हवा, काळोख व्हायला हवा. तसे होत नाही. प्रत्येक काच तिच्यापर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाचे २० टक्के अडवते, म्हणून ०.८ चा पाच वेळा गुणाकार होऊन सुमारे ३३ टक्के प्रकाश पलीकडे पोहोचतो. प्रकाश असो की पैसा, हिशेब एकच.

आता उलट दिशेचे उदाहरण घेऊ. एका वस्तूची १८ टक्के वस्तू व सेवा करासह किंमत १,१८० रुपये आहे. त्यात कर किती? १,१८० चे १८ टक्के काढलेत तर २१२.४० येतील, आणि ते चूक ठरेल. कर आकारला जातो तो मूळ किमतीवर. मूळ किंमत १०० असती तर ग्राहकाने ११८ दिले असते. म्हणून १,१८० ला ११८ ने भागून १०० ने गुणा. मूळ किंमत १,०००, कर १८०. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते, हेही या निमित्ताने लक्षात ठेवा. तिच्यावर आणखी कर लावून कोणी पैसे मागू लागला तर पुडा उलटा करून ती ओळ त्याला नम्रपणे दाखवा.

दुसरा प्रश्न : किती काळात?

आता आपण सुमारे पावणेनऊशे वर्षे मागे जाऊ. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये 'लीलावती' हा ग्रंथ लिहिला. त्यात व्याजाचे एक उदाहरण आहे. त्याचा आशय असा : शंभरावर एका महिन्याचे व्याज पाच असेल, तर सोळावर एका वर्षाचे व्याज किती?

दिलेल्या राशी मोजा. शंभर, एक महिना, पाच; आणि सोळा, बारा महिने. पाच राशींवरून सहावी काढायची, म्हणून या रीतीला 'पंचराशिक' म्हणतात. रक्कम बदलली की व्याज बदलते आणि काळ बदलला की पुन्हा बदलते. तेव्हा नुसत्या त्रैराशिकाने भागत नाही. ५ × १६ × १२ भागिले १०० × १ : उत्तर ९.६, म्हणजे नऊ पूर्णांक तीन पंचमांश. आपले दोन्ही प्रश्न या एकाच उदाहरणात शेजारी शेजारी बसलेले आहेत.

या उदाहरणातला व्याजाचा दर पाहिलात का? महिन्याला शेकडा पाच, म्हणजे वर्षाला शेकडा साठ! महिन्याचा दर सांगण्याची पद्धत आपल्याकडे आजही संपलेली नाही. खेडोपाडी "शेकडा दोनने पैसे घेतले" असे म्हणतात, तेव्हा ते दोन टक्के महिन्याचे असतात. वर्षाचे चोवीस झाले. शहरातही हाच प्रकार वेगळ्या वेषात आढळतो. समजा, एखाद्या क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर 'साडेतीन टक्के' आकार आहे. आकडा किती लहान दिसतो! पण तो महिन्याचा असेल तर वर्षाला ४२ टक्के झाले. शिवाय न भरलेले व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळत गेले, तर १.०३५ चा बारा वेळा गुणाकार करावा लागेल. उत्तर सुमारे १.५१ येते. वर्षाअखेरी शंभराचे एकशे एक्कावन्न देणे झाले.

व्याज मुद्दलात मिसळत जाणे, म्हणजे चक्रवाढ, हे कर्ज घेणाऱ्याला जितके जाचते तितकेच बचत करणाऱ्याला फळते. पैसे किती वर्षांत दुप्पट होतील, याचा अंदाज बांधण्याची एक जुनी रीत आहे : ७२ ला दराने भागा. लुका पाचिओली या इटालियन गणितज्ञाच्या इ. स. १४९४ मध्ये छापलेल्या ग्रंथातही ही रीत आढळते. ती खरी उतरते का, ते पोस्टाच्या किसान विकास पत्रावर ताडून पाहू. इ. स. २०२३ च्या जानेवारीत त्याचा दर ७.२ टक्के होता आणि रक्कम १२० महिन्यांत दुप्पट होणार होती. ७२ भागिले ७.२ म्हणजे १० वर्षे, बरोबर १२० महिने! त्याच वर्षी १ एप्रिलपासून दर ७.५ टक्के झाला आणि मुदत ११५ महिने. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षे, म्हणजेच ११५.२ महिने. तोंडी हिशेबाला याहून अधिक काय हवे?

पुन्हा मामांच्या स्कूटरकडे

कर्ज घेऊन वर्ष झाले तेव्हा मामा पुन्हा माझ्याकडे आले. हातात हप्त्यांच्या पावत्या होत्या. म्हणाले, "सर, एक विचारू का? बारा हप्ते फिटले, म्हणजे निम्मे कर्ज फिटल्यासारखेच की. मग व्याज अजून साठ हजारांवरच कसे?"

मी पावत्या हातात घेतल्या आणि कागद पुढे ओढला.

दुकानाने १२,००० रुपये व्याज २४ महिन्यांत सारखे वाटले होते. दर हप्त्यात २,५०० रुपये मुद्दलाचे आणि ५०० व्याजाचे. पहिल्या महिन्यात मामांकडे दुकानाचे ६०,००० रुपये होते. दुसऱ्या महिन्यात ५७,५००, तिसऱ्यात ५५,०००. असे उतरत उतरत चोविसाव्या महिन्यात फक्त २,५०० उरणार होते. पण व्याज मात्र दर महिन्याला ५०० च! शेवटच्या महिन्याचा विचार करा. २,५०० रुपयांवर एका महिन्याचे व्याज ५०० रुपये. ते महिन्याला शेकडा २० झाले.

'१० टक्के' हे खोटे नव्हते. पण ते कशाचे? सुरुवातीच्या ६०,००० चे. ते ६०,००० तर पहिल्या महिन्यानंतर मामांकडे कधीच नव्हते. मग खरा दर किती? अंदाज करू. सर्वांत जास्त देणे ६०,०००, सर्वांत कमी २,५००, आणि उतार सारखा. म्हणून दोन वर्षांतील सरासरी देणे ३१,२५०. त्यावर वर्षाला ६,००० रुपये व्याज, म्हणजे शेकडा १९.२. हा झाला ढोबळ अंदाज. प्रत्यक्षात प्रत्येक हप्त्यातून आधी त्या महिन्याचे व्याज जाते आणि मग मुद्दल फिटते, असे धरून अचूक हिशेब केला, तर सुरुवातीला मुद्दल थोडे हळू उतरते आणि दर १८.२ टक्क्यांच्या जवळ येतो. दहा टक्क्यांची पाटी, आणि आत अठरा!

आता बँकेचे १२ टक्के पाहू. ते दर महिन्याला प्रत्यक्ष शिल्लक देण्यावर आकारलेले होते. १२ टक्के वर्षाला, म्हणजे १ टक्का महिन्याला. त्या हिशेबाने हप्ता येतो सुमारे २,८२४ रुपये. पहिले तीन महिने असे :

पहिला महिना : देणे ६०,०००, व्याज ६००, मुद्दल फिटले २,२२४.
दुसरा महिना : देणे ५७,७७६, व्याज ५७८, मुद्दल फिटले २,२४६.
तिसरा महिना : देणे ५५,५३०, व्याज ५५५, मुद्दल फिटले २,२६९.

व्याज कसे उतरत जाते, पाहा. चोविसाव्या महिन्यात ते अवघे २८ रुपये असते. दोन वर्षांत बँकेला द्यायचे सुमारे ६७,७७६ रुपये, आणि दुकानाला ७२,०००. 'कमी' दराने मामांना सुमारे ४,२०० रुपयांचा भुर्दंड पडला होता. मामांच्या घरी तो थोरल्या मुलीच्या वह्या-पुस्तकांचा आणि शिकवणीचा पैसा होता.

मी म्हटले, "मामा, ही चूक माझी. तुम्ही विचारायला आला होतात आणि मी न पाहताच सांगितले."

मामा पावत्या घडी करीत म्हणाले, "तुम्ही दहा-बारा पाहिलेत सर, मीही तेच पाहिले. आता हे असे मांडायचे कसे, तेवढे पोरीला दाखवा." त्यांची मुलगी तेव्हा आठवीत होती. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या फळ्यावर तिने चोवीस ओळींचा तक्ता मांडला. तिसऱ्याच ओळीपासून तिला माझी गरज उरली नाही.

या दोन प्रकारांना व्यवहारात 'फ्लॅट रेट' आणि 'घटत्या शिलकीवरचा दर' असे म्हणतात. दोन्हींतील आकडे शेजारी ठेवून लहान-मोठे ठरवणे म्हणजे एक अंतर मैलांत आणि दुसरे किलोमीटरमध्ये मोजून तुलना करण्यासारखे आहे. एकक पाहिल्याशिवाय आकडा वाचू नका, हे मी वर्गात रोज सांगतो. टक्क्यालाही एकक असते, ते मात्र मी त्या दिवशी विसरलो.

कर्जदाराला एकाच मापाने तुलना करता यावी म्हणून रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी एक परिपत्रक काढले. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तसंस्थांनी किरकोळ मुदत कर्ज देताना कर्जदाराला समजेल अशा भाषेत मुख्य तथ्यांचे एक पत्रक द्यायचे असते. त्यात कर्जाचा सर्व खर्च धरून काढलेला वार्षिक टक्केवारी दर लिहिलेला असतो. आपल्या चार अक्षरांचे उत्तर त्या एका ओळीत असते. घरात कोणी कर्ज घेत असेल तर ते पत्रक मागून घ्यायला सांगा, आणि ती ओळ तुम्ही स्वतः वाचा.

तुम्हीच सोडवा

१. १,५०० रुपयांच्या बुटांवर ४० टक्के सूट आहे. पैसे देताना आणखी १० टक्के सूट मिळाली. किती पैसे द्याल? एकूण सूट किती टक्के?

२. ५ टक्के करासह बिल ९४५ रुपये झाले. त्यात कर किती?

३. मित्राने ५०० रुपये उसने दिले आणि आठवड्याने ५१० परत घेतले. सरळव्याजाने हा दर द. सा. द. शे. किती?

४. इ. स. १९८८ मध्ये किसान विकास पत्र सुरू झाले तेव्हा रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. ७२ च्या रीतीने त्या वेळच्या दराचा अंदाज करा.

पाचवे उदाहरण घरातले आहे. घरी एखादे जुने बिल, हप्त्याची पावती किंवा मुदतठेवीचा कागद असेल तो मागून घ्या. त्यावरचा टक्क्याचा आकडा शोधा आणि शेजारी पेन्सिलीने दोन उत्तरे लिहा : कशाचे? किती काळात? एखादे उत्तर त्या कागदावर सापडले नाही, तर ते कोणाला विचारायचे हे घरच्यांबरोबर बसून ठरवा.

(उत्तरे : १. ८१० रुपये, ४६ टक्के. २. ४५ रुपये. ३. आठवड्याला शेकडा २, वर्षाचे ५२ आठवडे धरून शेकडा १०४. ४. सुमारे १३ टक्के.)